अंदाज कुठे चालतो : एका भरतीच्या नोंदी

१२ जानेवारी, सोमवार

प्रकल्प : सपोर्ट टीममधली रिकामी जागा भरणे. मुदत मार्चअखेर. मनुष्यबळ : मी अर्धा दिवस, घरून, टीममधल्या एक ज्येष्ठ सहकारी, आणि एचआरमधले एक गृहस्थ. न्यूमोनियातून उठल्यावर डॉक्टरांनी सध्या एवढीच परवानगी दिली आहे. दुपारचा स्वयंपाकही माझ्याकडे आला आहे. आजारपणात बायकोने घर, तिची नोकरी आणि मी अशा तिन्ही आघाड्या सांभाळल्या. आता निदान एक वेळ तिला ओट्यापाशी उभं राहावं लागू नये, असं मीच ठरवलं. तेव्हा या वहीत भरतीच्या मध्येच कांदे-बटाटेही येणार. तीन वेगळ्या वह्या ठेवण्याइतका उत्साह नाही.

जुनी जाहिरात काढून वाचली. ‘उत्तम संवादकौशल्य, दबावाखाली काम करण्याची क्षमता, सकारात्मक दृष्टिकोन, संघभावना.’ हे वाचून ‘आपल्याकडे यातलं काही नाही बुवा’ म्हणत अर्ज न करणारा माणूस सापडायचा नाही. आणि समोर बसलेल्या उमेदवारात सकारात्मक दृष्टिकोन किती आहे, हे मोजायचं कशाने?

त्यापेक्षा मी रजेवर असतानाची तिकिटं, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींच्या नोंदी, उघडून बसलो. काम कुठे अडलं ते त्यात दिसतंच. ज्ञान कमी पडल्यामुळे अडलेली फार थोडी. बहुतेक अडकली ती हात बदलताना : पहिल्याने काय तपासलं हे लिहिलेलं नाही, म्हणून दुसऱ्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि ग्राहकाला तेच प्रश्न परत विचारले. एका ग्राहकाने तर वैतागून आपलं पहिलं पत्र जसंच्या तसं पुन्हा चिकटवलं होतं.

म्हणजे हवा आहे तो माणूस असा : तक्रार शेवटपर्यंत वाचणारा, त्यात जी माहिती नाही नेमकी तीच विचारणारा, आणि पुढच्याला उचलता येईल अशी नोंद ठेवणारा. या तिन्ही गोष्टी डोळ्यांनी पाहता येतात. जाहिरात यावर नव्याने लिहिली. एचआरला ती ‘कोरडी’ वाटली. वाटू दे.

१४ जानेवारी, बुधवार

जीभ अजून ठिकाणावर नाही. आजारात नाक-घसा बिघडलेला होता, शिवाय काही अँटिबायोटिक्सनी तोंडात धातूसारखी कडवट चव राहते, क्लॅरिथ्रोमायसिन त्यासाठी प्रसिद्धच आहे. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग वास असतो. चावताना अन्नाचा सुगंध घशामागून नाकात चढतो आणि मेंदू तो जिभेच्या खात्यावर जमा करतो.

त्यामुळे मीठ सध्या वजनावर घालतो. शिजलेल्या बहुतेक पातळ पदार्थांना एकूण वजनाच्या १ टक्क्याच्या आसपास मीठ बरं लागतं, म्हणजे किलोभर डाळीला साधारण १० ग्रॅम. सुरुवात त्याहून कमीवर करायची, कारण उकळताना पाणी उडतं आणि मीठ तेवढंच राहतं. मग मुलीला हाक मारायची. तिने चमचा तोंडात घातला की निकाल तिथल्या तिथे : ‘‘बाबा, अजून थोडं.’’ किंवा नुसत्या वर चढलेल्या भुवया.

१९ जानेवारी, सोमवार

पायांनी वेगळंच प्रकरण सुरू केलं आहे. फुप्फुसं बिघडली होती, मग जिना चढताना मांड्या का थरथरतात? डॉक्टर म्हणाले, ‘‘तुम्ही झोपून होतात ना, त्याचं बिल आहे हे.’’

१९६६ साली अमेरिकेत डॅलसमध्ये पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. वयं विशीची. तेवढ्यात त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सुमारे २७ टक्क्यांनी घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा दिसलं की तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांच्या क्षमतेचं जेवढं नुकसान केलं होतं, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी केलं होतं. आणि ही माणसं आजारी नव्हती. पन्नाशी उलटलेल्या, ताप आलेल्या माणसाने मांड्यांबद्दल तक्रार करू नये.

घाई केव्हा थांबवायची हे मात्र कळत नाही, कारण शरीर त्या क्षणी काही बोलतच नाही. चालताना छान वाटतं. थकवा दुसऱ्या दिवशी येतो, कधी तिसऱ्या. म्हणून चालण्यासमोर दोन रकाने केले : एकात त्या वेळचे श्रम, दुसऱ्यात दुसऱ्या दिवशी सकाळची अवस्था. श्रमासाठी स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० ही मोजपट्टी घेतली. ६ म्हणजे काहीच नाही, २० म्हणजे जीव तोडून. ती ६ पासून सुरू होण्याचं कारण मजेदार आहे : निरोगी तरुण माणसात त्या आकड्याला १० ने गुणलं की साधारण नाडीचे ठोके मिळतात. माझी नाडी आता त्या गणितात बसत नाही, पण ‘बरं वाटलं’पेक्षा ‘११’ लिहिणं उपयोगी पडतं. पुढच्या आठवड्यात ‘बरं’ म्हणजे किती बरं हे कोणाला आठवणार?

२१ जानेवारी, बुधवार

काम शून्य. खोकला. भात आणि अंडी, तीही मुलीने उकडलेली.

२३ जानेवारी, शुक्रवार

अर्ज आले. भरपूर आहेत. मुलाखतीआधी उमेदवारांकडून थोडं काम करून घेऊन तपासायचं, यावरून एचआरच्या गृहस्थांशी पहिली चकमक फोनवर. त्यांचं म्हणणं, ‘‘सर, ते कामाचे नमुने वगैरे ठीक आहे, पण मुलाखतीला समोर बसला की माणूस कळतो. इतकी वर्षं हेच करतोय मी.’’

मी त्यांना ह्यूस्टनची गोष्ट सांगितली. तिथल्या टेक्सास विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १९७९ साली ८०० विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेऊन क्रमवारी लावली आणि वरच्या ३५० मधून १५० घेतले. मग राज्याच्या विधिमंडळाने ऐनवेळी जागा वाढवल्या, आणखी ५० घ्या म्हणून सांगितलं. तोवर चांगल्या क्रमांकाचे सगळे दुसरीकडे गेलेले. उरले होते ते ७०० ते ८०० या क्रमांकांतले. त्यांतून ५० घेतले. पुढे शिकताना आणि त्यानंतरच्या प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षात या दोन गटांत काही फरक दिसला नाही.

गृहस्थ म्हणाले, ‘‘ते कॉलेज झालं, ही नोकरी आहे.’’ मुद्दा अगदीच चुकीचा नाही. पण त्या गोष्टीत मला जे महत्त्वाचं वाटतं ते असं की विधिमंडळाने जागा वाढवल्या नसत्या, तर आपली क्रमवारी कुचकामी आहे हे त्या महाविद्यालयाला जन्मात कळलं नसतं. नाकारलेली माणसं डोळ्यांसमोरून जातात. ती पुढे कशी निघाली हे कोणी पाहत नाही. घेतलेल्यांतला एखादा चांगला निघाला की ‘बघा, मला तेव्हाच वाटलं होतं’ म्हणायला आपण मोकळे.

२६ जानेवारी, सोमवार

आईचा मुक्काम आहे. ती रोज गाळलेलं सूप घेऊन उभी. ‘‘पी रे, अंगात ताकद येईल.’’ गरम आहे, घशाला बरं वाटतं, पाणीही पोटात जातं, तेवढ्यासाठी मी पितो. ताकदीचं खातं वेगळं आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये शुश्रूषेबद्दल लिहिताना हाच भ्रम झोडपला होता : मांस उकळून काढलेलं पाणी आजाऱ्याला सर्वांत पौष्टिक, असं तेव्हा सगळे धरून चालत. त्यांनी सांगितलं, ते पाणी आटवून बघा, पेलाभर द्रवात जेमतेम चमचाभर घन ऐवज उरेल. त्यांचीच आणखी एक सूचना आमच्या घरात चिकटवून ठेवावीशी वाटते. रुग्णाच्या उशाशी भरलेलं ताट ‘मग खाईल’ म्हणून ठेवून जाऊ नका. ते नजरेसमोर राहिलं की उरलीसुरली भूकही जाते.

निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८ ग्रॅम प्रथिनं पुरतात असं धरतात. आजारातून उठणाऱ्या वयस्कर माणसांसाठी १.२ ते १.५ ग्रॅम सुचवतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम. मग सूप न गाळता, त्यात डाळ घोटून, वरून अंडं सोडून केलं. आई म्हणाली, ‘‘हे सूप नाही, हा काला आहे.’’ पण वाटी रिकामी झाली, आणि तिने पाहिलं.

२९ जानेवारी, गुरुवार

आज दिवसभर डोक्यात एकच विषय, म्हणून सविस्तर.

कांदा परतत होतो. मंद आंच, रुंद भांडं. घाई असली की माणूस कांदा ढिगाने घालतो आणि आंच वाढवतो. मग तो आपल्याच पाण्यात उकडत बसतो. पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या पुढे सरकत नाही, आणि ज्या प्रक्रियेने कांदा खरपूस तपकिरी होतो ती जोमाने चालायला साधारण १४० अंश लागतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिल मायार यांनी १९१२ साली तिचं वर्णन केलं, आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कृती छापणारे ‘कांदा ५ मिनिटं गुलाबी-तपकिरी परता’ असं का छापतात, देव जाणे. नीट गडद गोडसर व्हायला पाऊण तास सहज जातो.

हे मला घड्याळ न पाहता कळतं. आवाजावरून. पाणी असतं तेव्हा फसफस, संपत आलं की चुरचुर. आता वास धड येत नाही तरी आवाजावर माझा कांदा चुकत नाही. मग मनात आलं, ओट्यापाशी मी अंदाजावर एवढा निर्धास्त, आणि भरतीत त्याच अंदाजाला घराबाहेर काढायला निघालोय. हा दुटप्पीपणा आहे का?

याचं उत्तर दोन मानसशास्त्रज्ञांनी मिळून देऊन ठेवलं आहे, आणि ती दोघं एकमेकांच्या विरुद्ध गोटातली होती. गॅरी क्लाइन यांनी अग्निशमन दलाचे अनुभवी अधिकारी पाहिले होते. ते पर्यायांची यादी न करता क्षणात योग्य निर्णय घेतात, म्हणून क्लाइन अंतःप्रेरणेच्या बाजूचे. डॅनियल कानेमन यांनी हयात घालवली ती माणसाचा आत्मविश्वास किती फसवा असतो हे दाखवण्यात. दोघांनी काही वर्षं वाद घालून २००९ मध्ये एकत्र लेख लिहिला. निष्कर्ष असा की अनुभवी माणसाच्या अंदाजावर विसंबायचं का, हे त्याच्या आत्मविश्वासावरून ठरवू नका. दोन गोष्टी बघा : त्या कामात ठरलेल्या खुणांमागून ठरलेले परिणाम येतात का, आणि त्या खुणा शिकायला त्याला पुरेशी संधी मिळाली का, म्हणजे निकाल लवकर आणि स्पष्ट कळत गेला का.

माझ्या तिन्ही कामांना हे लावून पाहिलं. कांद्याचा निकाल त्याच दुपारी ताटात, आणि कांद्याचे नियम काल-आज बदलत नाहीत. वर्षानुवर्षं रोजची तालीम झालेली. तिथे अंदाज चालतो. चालण्याचा निकाल येतो, पण उशिरा, आणि तोवर मध्ये जेवण, झोप, खोकला, मुलीची परीक्षा असं इतकं काही घडलेलं असतं की कशामुळे काय झालं हे समजत नाही. तिथे वही हवी; वही असली तर हळूहळू अंदाजही तयार होईल. भरतीचा निकाल मात्र अर्धाच येतो. घेतलेल्यांचा, तोही वर्षाने, आणि तोपर्यंत त्यांना घेणारेच त्यांचे गुण जोखायला बसलेले असतात. इतकी वर्षं मुलाखती घेतल्याचा गृहस्थांचा दाखला खरा आहे. पण इतकी वर्षं त्यांना चूक-बरोबर सांगितलं कोणी?

दुटप्पीपणा नाही, असं ठरवून जेवलो.

३ फेब्रुवारी, मंगळवार

कामाचा नमुना तयार. तीन जुन्या तक्रारी, नावं-निशाणी काढून. पहिलीत ग्राहक रागावला आहे आणि खरी अडचण चौथ्या परिच्छेदात दडली आहे. दुसरीत एक महत्त्वाची माहिती मुद्दाम गाळली आहे. ती मागणं हेच उत्तर. तिसरीला उत्तर द्यायचं नाही, पुढच्या पाळीसाठी फक्त नोंद लिहायची. वेळ ४५ मिनिटं, घरून. उमेदवारांकडून याहून जास्त फुकट काम करून घेणं मला पटत नाही. तीन तक्रारींत कळत नसेल तर तीसमध्येही कळणार नाही.

तपासायची पद्धत : कागदांवर नाव नाही, फक्त क्रमांक. सहकारी बाई आणि मी स्वतंत्रपणे गुण देणार, आणि गुण लिहून होईपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही. एका वेळी सगळ्यांची पहिली तक्रार तपासायची, मग सगळ्यांची दुसरी. एकाच उमेदवाराचे तीन कागद ओळीने वाचले की पहिल्या कागदाचा रंग पुढच्या दोन्हींवर चढतो. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये सैन्यातल्या वरिष्ठांनी हाताखालच्या अधिकाऱ्यांना दिलेले गुण तपासले, तेव्हा शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य यांचे गुण एकमेकांशी संशय यावा इतके जुळत होते. एक गोष्ट आवडली की बाकीच्याही आवडलेल्या.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

परवाच्या निष्कर्षाला स्वयंपाकघरातूनच सुरुंग. राजमा करायचा होता. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. चारपाच कच्चे दाणेसुद्धा उलट्या-जुलाबांना पुरतात. किमान पाच तास भिजवायचा, ते पाणी फेकायचं, ताज्या पाण्यात निदान १० मिनिटं खळखळ उकळायचा. अमेरिकेच्या एफडीएचा सल्ला ३० मिनिटांचा आहे. मंद आंचेच्या विजेच्या भांड्यात थेट घातला आणि तापमान ८० अंशांच्या आसपासच घोटाळलं, तर विषारीपणा उलट वाढूही शकतो. यातलं काहीही चाखून समजत नाही.

भाताचंही तेच. बॅसिलस सेरिअस या जीवाणूचे बीजाणू उकळण्यातून जिवंत राहतात. भात ओट्यावर कोमट पडून राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं उलटी आणणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. भात पसरट भांड्यात काढून लवकर निववायचा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. वास घेऊन ‘चांगला आहे की’ म्हणणाऱ्यांची आमच्या घरात बहुमताने सत्ता आहे. सध्या आजारी माणसाला नकाराधिकार आहे, तो मी वापरतो.

म्हणजे ओट्यापाशीसुद्धा अंदाज सगळीकडे चालत नाही. चवीत चालतो, सुरक्षिततेत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

नमुने तपासून झाले. आमच्या दोघांच्या गुणांत फार अंतर नाही. जिथे पडलं तिथे बसून वाचलं आणि बहुतेकदा बाईंचं बरोबर निघालं. मी भाषेवर भाळतो.

नावं उघडल्यावर दोन गोष्टी. ज्यांच्या बायोडेटावर मी जवळजवळ मोहर उठवली होती, त्यांनी तिन्ही तक्रारींना अतिशय मृदू, अतिशय सुंदर उत्तरं दिली होती, आणि कोणत्याच प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं. चौथ्या परिच्छेदापर्यंत पोचलेच नव्हते. दुसरं, सर्वांत चांगली नोंद ज्या उमेदवाराने लिहिली, त्यांच्या बायोडेटात मध्ये बराच काळ रिकामा आहे.

एचआरचा प्रश्न ठरलेला : ‘‘ही गॅप कसली, ते विचारायला हवं.’’ मी नाही म्हणालो. आजारपण, लहान मूल, म्हाताऱ्या आईवडिलांची सेवा, काहीही असेल. त्यातलं कोणतंही उत्तर आलं तरी त्याचं आपण करणार काय? उत्तर कळलं की मनात ते कुठेतरी वजन टाकणारच. आणि यात माझ्यावरही भरवसा ठेवता येत नाही. उत्तर ‘आजारी होतो’ असं आलं असतं तर मी मनातल्या मनात दहा गुण वाढवले असते. माझ्या सहानुभूतीचा फायदा एकाला होतो तेव्हा तोटा दुसऱ्या कोणाला तरी होतो, त्याला बिचाऱ्याला न्यूमोनिया झाला नाही एवढ्यापायी.

ठरलं : सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. गॅपबद्दल कोणालाही नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मुलाखती. दिवसाला दोनच, त्यापुढे माझा आवाज बसतो. प्रश्न सगळे घडलेल्या प्रसंगांवर : ‘‘दुसऱ्याने अर्धवट सोडलेलं काम तुमच्याकडे आलं असा एक प्रसंग सांगा. तुम्ही आधी काय पाहिलंत?’’ प्रत्येक उत्तराला तिथेच गुण, मग पुढचा प्रश्न. ‘पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता’ हा प्रश्न काढून टाकला. मला माझंच पुढच्या महिन्याचं सांगता येत नाही.

एचआरचे गृहस्थ अवघडले होते. ‘‘गप्पाच होत नाहीत हो. माणूस खुलतच नाही.’’ त्यांना २०१३ मधला एक प्रयोग सांगितला. विद्यार्थ्यांनी दुसऱ्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या परीक्षेतल्या गुणांचा अंदाज बांधायचा होता. काही मुलाखतींत उत्तर देणाऱ्याला गुपचूप सांगितलं होतं की ठरावीक सूत्राने, खऱ्याखोट्याचा विचार न करता, ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. मुलाखत घेणाऱ्यांना ते उमगलंच नाही; माणूस कळल्याचं समाधान त्यांना तेवढंच मिळालं. नुसते जुने गुण बघून बांधलेले अंदाज मुलाखतीनंतरच्या अंदाजांपेक्षा सरस ठरले. काही न कळण्यापेक्षा हे वाईट, कारण इथे चुकीचं कळतं आणि ते कळलं असं वाटतं.

गृहस्थ थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘म्हणजे माझी गरजच नाही म्हणा.’’

त्यांची गरज आहे, आणि हे मी मन राखायला लिहीत नाही. कानेमन यांनीच १९५५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, इस्रायली सैन्यासाठी मुलाखतीची पद्धत बसवली होती : सहा गुणविशेष, प्रत्येकाचे प्रसंगावरून प्रश्न, प्रत्येकाला वेगळे गुण. मुलाखत घेणारी तरुण मंडळी चिडली, आम्हाला यंत्र करून टाकलं म्हणाली. तेव्हा त्यांनी शेवटी एक पायरी घातली : सगळे गुण लिहून झाले की डोळे मिटा, हा जवान म्हणून कसा असेल ते डोळ्यांसमोर आणा आणि एक आकडा द्या. नंतर तपासलं तर तो डोळे मिटून दिलेला आकडाही सहा गुणांच्या बेरजेइतकाच खरा ठरला होता. अंदाज आधी घेतला की बाकीचं सगळं तो आपल्याकडे ओढून घेतो. शिस्तीने सगळं पाहून झाल्यावर घेतला, तर त्याला काही खायला मिळालेलं असतं.

ही पायरी आमच्या तक्त्यात घातली. शेवटचा रकाना गृहस्थांचा, पण बाकीचे भरल्याशिवाय नाही. ते खूश झाले. मीही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

तपासणीला गेलो. छातीचा एक्स-रे साफ. डॉक्टरांना विचारलं, ‘‘मग दुपारी चारला माझा दिवा का विझतो?’’ त्यांनी ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेचं ढोबळ वेळापत्रक दाखवलं : आठवड्याभरात ताप उतरतो, चार आठवड्यांत छातीतलं दुखणं आणि कफ बराच कमी, सहा आठवड्यांत खोकला आणि धाप बरीच कमी, तीन महिन्यांत बहुतेक लक्षणं जातात पण थकवा असू शकतो, सहा महिन्यांत बहुतेक जण पूर्ववत. ‘‘चित्र आधी स्वच्छ होतं, माणूस मागाहून,’’ म्हणाले.

हे वेळापत्रक घरी पाठवण्याच्या कागदांत का घालत नाहीत? एका पानाचं काम आहे. मला ते पहिल्या आठवड्यात मिळालं असतं तर ‘अजून का बरं वाटत नाही’ या काळजीतला बराचसा भाग वाचला असता.

वही चाळली. ११ च्या आतलं चालणं दुसऱ्या सकाळी कधीच भोवलेलं नाही. १३ च्या पुढे गेलं की भोवतंच. आता हा आकडा न लिहिताही चालताना ओळखू येऊ लागलाय. बोलताना वाक्य मध्येच तोडावं लागलं की मी तेराला पोचलेला असतो.

२५ फेब्रुवारी, बुधवार

निर्णय. बेरजेत रिकाम्या काळाचे उमेदवार पहिले, फार थोड्या फरकाने. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवार बोलायला अत्यंत प्रसन्न. बैठक संपल्यावर आम्ही तिघेही खोलीत हसत होतो. गृहस्थांचा डोळे मिटून दिलेला आकडा, त्यांनाच नवल वाटलं, पहिल्याच्या बाजूने पडला. सहकारी बाईंचा दुसऱ्यांच्या बाजूने. तक्ता एकदा ठरवला की नंतर त्याला वाकवायचं नाही, एवढं आधीच लिहून ठेवलं होतं म्हणून अर्ध्या तासात उठलो.

मग ह्यूस्टनची आठवण ठेवून एक काम केलं. प्रत्येक उमेदवाराचे गुण आणि आमची प्रत्येकाची एका ओळीची भाकितं तारखेसकट बंद फाइलमध्ये ठेवली. सहा महिन्यांनी उघडायची. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना स्वतः फोन केला, कोणत्या कागदात काय फार आवडलं ते सांगितलं आणि पुढची जागा निघाली तर कळवू का विचारलं. त्या ‘हो’ म्हणाल्या. नाकारलेल्यांचं पुढे काय झालं हे समजण्याची निदान एक खिडकी उघडी राहिली.

१६ मार्च, सोमवार

नवे सहकारी रुजू. मी आता पूर्ण दिवस, त्यातला अर्धा ऑफिसात. जिभेला मीठ कळायला लागलं आहे. मुलीची चाखण्याची नोकरी गेली, तिने नुकसानभरपाई मागितली आहे.

२० मार्च, शुक्रवार

नव्या सहकाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात आमच्या नोंदीच्या फॉर्ममधली त्रुटी दाखवली. ‘काय केलं’ हा रकाना आहे, ‘काय तपासून सोडून दिलं’ हा नाही, आणि पुढच्याचा वेळ त्यातच जातो. माझ्या नमुन्यातल्या तिसऱ्या तक्रारीलाही हा रकाना नव्हता. त्यांनी तो तिथे हाताने आखला होता. आज जुना कागद काढून पाहिला तेव्हा लक्षात आलं. गुण देताना आम्ही दोघांनीही त्याकडे ‘नीटनेटकी मांडणी’ म्हणून पाहिलं होतं.

फॉर्म बदलायला टाकला. उरलेली कामं : एचआरला प्रश्नसंच देणे, ऑगस्टअखेरची फाइल उघडण्याची तारीख तिघांच्याही कॅलेंडरवर टाकणे, बाईंची दुसऱ्या क्रमांकाबद्दलची तक्रार लेखी घेणे. त्या अजून म्हणतात की मी चुकलोय. त्यांचं भाकीतही त्याच फाइलीत आहे.